ताकसांडे मॅडमचं बंदर

आमच्या स्टाफरूममध्ये, पाण्याच्या फिल्टरच्या वरच्या भिंतीवर, सहा महिन्यांपासून एक मोठा फोटो टांगलेला आहे. निळंशार पाणी, मागे एक जहाज, पुढे चार जेट स्की आणि त्यांच्यावर नारिंगी जाकिटं घालून दोन बोटं वर करून हसणारी आमची शिक्षक मंडळी. मधोमध हेडसर. खाली सोनेरी अक्षरांत छापलंय, 'शिक्षकवृंदाची अंदमान बंदर सफर'. रोज पाणी प्यायला गेलं की तो फोटो समोर येतो आणि रोज माझं डोकं फिरतं. कारण त्या फोटोतला एक माणूस आमच्या शाळेत शिक्षक नाही, कधी नव्हता, आणि ज्यांच्या जागेवर तो बसलाय त्या बाई फोटोत नाहीत.

त्या बाई म्हणजे शशिकला ताकसांडे मॅडम. एकोणतीस वर्षं त्यांनी आमच्या शाळेत भूगोल शिकवला. फोटो काढला जात होता तेव्हा त्या किनाऱ्यावरच्या सिमेंटच्या बाकावर आम्हा सगळ्यांच्या पिशव्या, चपला आणि मोबाइल सांभाळत बसल्या होत्या. त्या पिशव्यांत माझी पर्स होती. आणि फोटोत डावीकडून तिसरी मी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जो राग काढणार आहे त्यात माझा वाटा किती, ते कोणाला वेगळं विचारावं लागणार नाही.

मॅडम उंच आणि काटक. अंगावर सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, बाराही महिने. लग्नात तेच, मयतीला तेच, पंधरा ऑगस्टला तेच. काखेत नकाशाची गुंडाळी. चष्म्याला काळी दोरी. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. राग आला की त्या चष्मा काढायच्या, पदरानं पुसायच्या आणि पुसून होईपर्यंत एक शब्द बोलायच्या नाहीत. नववीतली पोरं तेवढ्या वेळात आपणहून खरं काय ते सांगून मोकळी व्हायची. काही सरसुद्धा व्हायचे.

फळ्यावर भारताचा किनारा काढायच्या तेव्हा खडू कच्छपाशी टेकायचा आणि कन्याकुमारीला वळसा घालून बंगालपर्यंत जाऊनच उचलला जायचा. नकाशा काढून झाला की त्या वर्गाकडे वळायच्या आणि धडा सुरू करायच्या आधी एक वाक्य सांगायच्या. ते वाक्य त्यांनी एकोणतीस वर्षांत कधी चुकवलं नाही. कापसाचा धडा असला तर, "हे मी पाह्यलं हाय. वेचलं बी हाय." कोळशाचा असला तर, "हे मी पाह्यलं हाय." एका रविवारी एकट्याच एसटीनं चंद्रपूरला जाऊन, तिथल्या कोणत्या तरी ओळखीच्या माणसाला धरून, त्या खाण बघून आल्या होत्या. आणि बंदरांचा धडा आला की म्हणायच्या, "हे मी पाह्यलं नाई. पुस्तकात लिहिलं हाय ते सांगून राह्यली. तुमी मोठे झाले की तपासून घेजा."

ही सवय वडिलांची. वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरला लोकांच्या शेतात राबणारा माणूस. तरुणपणी दीक्षेला पायी नागपूरला गेला होता. परत आल्यावर गावात ज्यानं त्यानं विचारलं, किती माणूस जमलं होतं. बाकीचे आकडे सांगत सुटले. मॅडमचे वडील म्हणाले, "माह्या चारी बाजूले जेवढी दिसली तेवढी मी सांगीन. त्याच्या पलीकडची ज्यानं पाह्यली त्याले पुसा." ही गोष्ट मॅडमनी मला इतक्या वेळा सांगितली होती की शेवटी शेवटी मला तो माणूस ओळखीचा वाटायला लागला होता.

एकदा शाळा तपासणीला विस्तार अधिकारी आले. नेमका नववीचा बंदरांचा तास. साहेब मागच्या बाकावर बसले. मॅडमनी नेहमीप्रमाणे सांगितलं, हे मी पाह्यलं नाई. साहेब तास संपेपर्यंत डुलक्या घेत होते, पण तेवढं वाक्य मात्र त्यांनी ऐकलं आणि शेरेबुकात लिहिलं, 'शिक्षिकेमध्ये आत्मविश्वासाचा अभाव आढळला.' हेडसरांनी वही उघडून ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मॅडमनी वही मागून घेतली, चष्मा पुसला, आणि शेऱ्याच्या खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'साहेबांनी बंदर पाहिले असल्यास त्यांनी कृपया एक तास घ्यावा. मी मुलांसोबत बसेन.' खाली सही, तारीख. हेडसर तोंड पाडून बसले. त्यांना वाटत होतं आता वरून काही तरी येणार. काहीच आलं नाही. साहेबांनी तो धडा कधी घेतला नाही हे सांगायला नकोच.

मॅडम मुंबईला गेल्या नव्हत्या असं नाही. नवऱ्याच्या आजारपणात एकदा गेल्या होत्या. टॅक्सीतून समुद्र दिसला. मी विचारलं, मग झालं ना बंदर बघून? तर म्हणाल्या, "समुद्र पाह्यला. बंदर नाई. वावराचा धुरा-बांध पाह्यला म्हनजे पीक पाह्यलं होते का?" नंतर नवरा गेला. मुलगी सावंगीला नर्सिंग शिकत होती, तिचं शिक्षण पुरं व्हायचं होतं. नालवाडीतलं दोन खोल्यांचं घर आणि शाळा एवढ्यातच वर्षं गेली. पण त्या बोलून दाखवायच्या, "रिटायर व्हायच्या अगोदर एक डाव बंदर पाहून शिकवीन." एक डाव. यापेक्षा जास्त त्यांनी कधी मागितलं नाही.

आता आमच्या सहलींबद्दल सांगते. दर दोन वर्षांनी स्टाफची सहल निघते आणि ती राऊत सर काढतात. राऊत सर म्हणजे आमचे पीटीचे शिक्षक आणि हेडसरांचा उजवा हात. या सहलींचा एक अलिखित नियम आहे. कुठेही बोटिंग, घोडा, रोपवे, काहीही आलं की राऊत सर वळून म्हणतात, "मॅडम, तुमी बसता ना?" हा प्रश्न नसतो. त्यात ना आधीच घातलेला असतो. आणि मग एकामागून एक पिशव्या मॅडमच्या मांडीवर येऊन पडतात. चिखलदऱ्याला त्या बसल्या, पचमढीला बसल्या. शिपाई गौतमभाऊ सोबत असले की ते दुसऱ्या टोकाला चपला राखत बसत. कोण बसणार आणि कोण जाणार हे आमच्या शाळेत कोणाला विचारावं लागत नाही, आणि का लागत नाही हेही सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त कोणी बोलत नाही. मीही नाही बोलले. माझी पर्स त्या सगळ्या सहलींत मॅडमच्या मांडीवर होती.

दिवाळीच्या सुट्टीत अंदमान ठरलं तेव्हा मॅडमची रिटायरमेंट चार महिन्यांवर आली होती. कार्यक्रमाच्या कागदावर दुसऱ्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'जेट स्कीने संपूर्ण बंदराची फेरी, गाईडसह'. मॅडमनी तो कागद घडी घालून पुस्तकात ठेवला. नागपूरच्या विमानतळावर त्यांच्या पिशवीत एक नवी वही मी पाहिली. पहिल्या पानावर पेन्सिलीनं प्रश्न लिहिले होते. खाडीचं तोंड किती रुंद? लाटा आत का येत नाहीत? मोठं जहाज कुठवर येतं?

तिथं गेल्यावर कळलं की सकाळच्या फेरीत आठच जणांची सोय आहे. चार मशिनी, प्रत्येकीवर चालवणारा त्यांचा, मागे दोघं आपले. आम्ही तेरा. म्हणून हॉटेलच्या जेवणघरात चिठ्ठ्या टाकल्या. पाचवी चिठ्ठी मॅडमची निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी ती चिठ्ठी राऊत सरांकडून मागून घेतली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली.

सकाळी धक्क्यावर राऊत सरांनी यादी वाचली. पाचव्या नंबरला हेडसरांच्या साडूंचं नाव आलं. हेडसरांचे साडू अकोल्याला कसलीशी एजन्सी चालवतात. ते आमच्या सहलीत का होते हाही एक प्रश्नच, पण होते. मॅडम पुढे झाल्या.

"राऊत सर, पाचवं नाव माह्यं होतं."

"हो मॅडम, पन तुमी कायच्या बसता त्याच्यावर? साडी हाय, वय हाय. मले वाटलं तुमी नाईच म्हनान. म्हनून म्या भाऊजीले घातलं."

"तुमी मले पुसलं काय?"

राऊत सर हसले. "अजी मॅडम, दरवक्ताले तं तुमी बसता. त्यात काय पुसाचं?"

हेडसर जाकिटाचे पट्टे आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "मॅडम, उशीर होऊन राह्यला. आता नाव बदलवता येत नाही. तुम्ही सामानाकडं पाहा." आणि साडू त्यांच्या शेजारी उभे राहून कॅमेऱ्याचं झाकण शोधत होते. त्यांना शरम वाटल्याचं काहीच चिन्ह नव्हतं.

माझं नाव सातवं होतं. मी तिथेच म्हणू शकले असते की माझ्या जागेवर मॅडम जातील. वाक्य तोंडात आलंही होतं. पण मला पण जायचं होतं. जाकीट अंगावर चढलं होतं, लाटांचा आवाज येत होता, आणि मॅडमनी स्वतःच हात पुढे करून माझी पर्स घेतली. सवयीनं घेतली. पर्स घेतलेल्या त्या हाताकडे मी पाहिलं आणि तरी जाऊन बसले. माणूस इतका हलका होऊ शकतो हे मला त्या दिवशी माझ्यावरून कळलं.

आणि ती फेरी काय होती? दहा मिनिटं. गाईड पुढच्या मशिनीवर, आम्ही मागे. किनाऱ्यालगत तीन गोल, दोन उड्या, सगळ्या बायका किंचाळल्या, सगळ्या पुरुषांनी व्हिडिओ काढले, मग एका जागी उभं करून तो फोटो, आणि परत. बंदर कुठे होतं कोण जाणे. मागे एक जहाज होतं एवढं फोटोत दिसतं म्हणून मला माहीत.

आम्ही ओले होऊन हसत परत आलो. मॅडम बाकावरून उठल्या आणि एकेकाला विचारायला लागल्या. वही उघडी, हातात पेन्सिल. "काय पाह्यलं?" "भारी होतं मॅडम." "काय काय दिसलं?" "पानी, मॅडम. लय जोरात गेलतो." त्या साडूंकडेही गेल्या. साडू म्हणाले, "अंगावर पाणी उडते ना, मजा येते." मॅडमनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला. त्या दिवशी काच इतका वेळ पुसली गेली की मी दुसरीकडे पाहायला लागले. मग चष्मा चढवून त्यांनी वही मिटली. एका माणसाची आयुष्यभराची इच्छा उचलून ज्याला मजा हवी होती त्याला देऊन टाकली, आणि त्यालाही काही दिसलं नाही. आमच्यातल्या एकालाही दिसलं नाही. याचा मला आजही संताप येतो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मोठ्या बोटीनं दुसऱ्या बेटावर जायचं होतं. नाश्त्याच्या टेबलावर मॅडम हेडसरांना म्हणाल्या, "सर, मी येनार नाई. मले बंदर पाह्यचं हाय."

"असं नाही चालत मॅडम. सहल म्हणजे शिस्त असते. एकटं कोणी कुठं जायचं नाही."

"काल मी एकटीच बसली होती, सर. तवा चाललं."

हेडसर पोळी मोडत राहिले. मी सांगितलं की माझं पोट बिघडलंय, मीही थांबते. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "खोटं काऊन बोलली? थांबाचं होतं तं थांबते म्हनाचं." 

धक्क्यावर तोच गाईड होता. चाळिशीचा, उन्हानं काळवंडलेला, निर्मल नाव. तो मॅडमकडे पाहून म्हणाला, साडीत बसता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, "ठीक हाय, साडी नाई तं नाई." माझ्या पिशवीतला पंजाबी ड्रेस त्यांनी घातला. सलवार घोट्याच्या चार बोटं वर राहिली. खाली ते कॅनव्हासचे बूट. वर नारिंगी जाकीट. सत्तावन्न वर्षांची बाई तशी उभी राहिली तेव्हा बाजूच्या लोकांनी मोबाइल काढले. त्यांच्याकडे लक्ष न देता मॅडम तिकीट खिडकीवरचा मोठा बोर्ड वाचत होत्या. बोर्डावर बंदराचं चित्र होतं आणि त्यावर एक ते अकरा आकडे, फेरीत दाखवायच्या ठिकाणांचे. त्यांनी अकराही वहीत उतरवून घेतले, वही माझ्याजवळ दिली आणि निर्मलच्या मागे बसल्या.

ते निघाले. तीन गोल, दोन उड्या. मॅडम किंचाळल्या नाहीत. दहा मिनिटांत मशीन परत उताराला लागलं आणि निर्मल उतरला. मॅडम उतरल्या नाहीत.

"मैडम, हो गया."

"बोर्ड पे ग्यारा लिखे है, भाऊ. आपने दो दिखाये. नौ बाकी है."

"वो तो बस लिखा है, मैडम. सब लोग इतना ही करते हैं."

"सब लोग का सब लोग देखेंगे. मैं मेरा बोल रही."

मागे लोकांची रांग लागली होती. खिडकीवरचा माणूस बाहेर आला. अंगावर ओरडला नाही, पण आवाज त्याच वाटेवर होता. हात हलवून हलवून सांगायला लागला की दुसऱ्यांचा नंबर आहे, वेळ संपली, वयस्कर बाई आहात, कशाला त्रास घेता. मॅडमनी दोन्ही हातांनी सीट धरली होती.  आवाज नेहमीसारखाच. "मेरेकू त्रास नहीं है. मेरेकू हार्बर दिखाओ. कल मेरा नाम था, दूसरा आदमी बैठ गया. आज मैं बैठी. अब देखे बिना नहीं उतरती."

त्यांना पोहता येत नव्हतं. ते मशीन हललं असतं तरी त्या पाण्यात गेल्या असत्या. रांगेतलं कोणीतरी हसत म्हणालं, "आंटी को घर भेजो." मी त्या माणसाच्या अंगावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, मराठीतच ओरडले, पण तो मागे सरकला. आयुष्यात मी पहिल्यांदा कोणासाठी तरी ओरडले असेन.

निर्मल इतका वेळ पाण्यात गुडघाभर उभा होता. त्यानं मॅडमना विचारलं, "आप करती क्या हैं?"

"मैं पढ़ाती. भूगोल."

 तो खिडकीवरच्या माणसाला म्हणाला, हा माझा राउंड आहे, मी बघतो. आणि मॅडमना म्हणाला, "मेरे पिताजी इसी जेटी पर माल उतारते थे. मैं यहीं बड़ा हुआ. सब मालूम है मुझे. पर कोई पूछता ही नहीं, मैडम. बोलते हैं, जम्प कराओ."

"मैं पूछ रही ना," मॅडम म्हणाल्या.

या वेळी तो सावकाश गेला. धक्क्याचं टोक ओलांडून ते पार पुढे गेले, पाण्यावर तरंगणाऱ्या लाल आणि हिरव्या मोठ्या बोयांपर्यंत. तिथे मशीन थांबलेलं दिसलं. निर्मलचा हात एकदा इकडे, एकदा तिकडे. मॅडमचा हात त्याच्या मागोमाग. मग ते खाडीच्या तोंडाकडे वळले, मग मालाच्या धक्क्याकडे, मग मला दिसेनासे झाले. मी वही धरून बसून राहिले. पाऊण तास झाला.

परत आल्या तेव्हा त्या नखशिखांत भिजलेल्या होत्या आणि दात वाजत होते. पहिल्यांदा वही मागितली. ओल्या हातानं तिथेच बाकावर बसून अर्धा तास लिहीत होत्या, मधूनच निर्मलला काही विचारत होत्या. तो आपला नंबर सोडून त्यांच्याजवळ उकिडवा बसला होता. मी विचारलं, "मॅडम, काय पाह्यलं?" त्यांनी वहीवर हात ठेवला. "वर्गात सांगीन. आधी पोरांले."

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मॅडमच्या हातात मेमो पडला. 'गटप्रमुखाच्या परवानगीशिवाय गट सोडून बेशिस्त वर्तन केल्याबद्दल लेखी खुलासा सादर करावा.' सुट्टीतली सहल, आणि तिच्यासाठी ऑफिसचा मेमो, शिक्क्यासकट. मॅडमनी खुलासा दिला, तीन ओळींचा. 'चिठ्ठीत माझे नाव निघाले होते. त्या दिवशी माझी फेरी दुसऱ्याने केली. दुसऱ्या दिवशी माझी मी केली.' हेडसरांना यात माफीचा शब्द हवा होता. तो त्यांना मिळाला नाही. पुढच्या सोमवारी नवं वेळापत्रक लागलं. नववीचा भूगोल राऊत सरांकडे. मॅडमकडे पाचवीचा कार्यानुभव आणि लायब्ररी. कारण लिहिलं होतं, 'निवृत्तीपूर्वी कामाचा भार कमी करण्यात येत आहे.'

मी ते वेळापत्रक दोनदा वाचलं. भार म्हणे. ज्या एका धड्यासाठी ती बाई पोहता येत नसताना समुद्रात जाऊन आली, तोच धडा नेमका काढून घ्यायचा, आणि वर तो उपकार म्हणून लिहायचा. हे करायला मोठं डोकं लागत नाही, फक्त मन खूप छोटं लागतं. मी हेडसरांकडे गेले. ते म्हणाले, तुम्ही यात पडू नका मॅडम. मी पडले तर काय होईल हेही त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. मी परत आले. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "गेली होती ना? बस झालं." नंतर त्या लायब्ररीत गेल्या आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या कपाटातल्या अॅटलासांना खळ लावत बसल्या.

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस, मॅडमचा शाळेतला शेवटचा. दुपारी निरोप समारंभ, शाल, नारळ, हेडसरांचं भाषण. भाषणात हेडसर म्हणाले, मॅडमची बंदर पाहायची इच्छा आम्ही पूर्ण केली. टाळ्या पडल्या.  मी खाली पाहिलं.

समारंभानंतर शाळा पूर्ण भरवायचीच होती. सहावा तास सुरू झाला. मी आठवीवर होते. आठवी आणि नववीच्या मध्ये भिंत नाही, प्लायवूडचा आडोसा आहे, आणि त्याला वरून हातभर फट आहे. पलीकडून राऊत सरांचा आवाज येत होता. बंदरांचा धडा. "लिहून घ्या. बंदराचे दोन प्रकार. एक नैसर्गिक, दुसरा कृत्रिम. म्या सोता गेलतो, हे पाहा व्हिडिओ." पोरं हसत होती. व्हिडिओतून आमच्याच किंचाळण्याचा आवाज आला.

मॅडम लायब्ररीचा चार्ज देऊन व्हरांड्यातून जात होत्या. खांद्यावर ती शाल, हातात नारळ आणि नकाशाची गुंडाळी. त्या नववीच्या दारात थांबल्या. मला माझ्या दारातून दिसत होतं.

"सर, हा तास मले द्या."

"मॅडम, हेडसरले विचारा लागन."

"विचारून या. तवरिक मी शिकवते."

राऊत सर जागचे हलले नाहीत.  मग राऊत सरांनी मोबाइल खिशात घातला आणि मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसले. त्यांच्या बाजूनं एवढं एक मला लिहायलाच हवं. मॅडमनी नारळ टेबलावर ठेवला आणि फळ्याकडे वळल्या. मी माझ्या आठवीला सांगितलं, पुस्तकं मिटा आणि ऐका.

त्यांनी खाडी काढली. तोंडाशी बेट काढलं आणि सांगितलं की बाहेरची लाट त्या बेटावर फुटते आणि आत पाणी तळ्यासारखं राहतं, मी मशीनवर बसून होती तं ते हललं नाई. जहाज आत येताना लाल बोया डाव्या हाताला राहतो, हिरवा उजव्या हाताला. खांबांवर शिंपले कुठवर चिकटलेत त्यावरून भरती कुठवर चढते ते कळते. निर्मल नावाच्या माणसानं हे दाखवलं, त्याचे वडील तिथं माल उतरवत.  मग मॅडमचा आवाज जरा खाली आला, आणि मला प्लायवूडच्या फटीजवळ जावं लागलं.

"आता हे आयका. पुस्तकात लिहिलं हाय पृष्ठप्रदेश. म्हनजे बंदराच्या पाठीमागचा मुलूख, जिथून माल येते. तुमाले वाटते, बंदर कुठं आन् वर्धा कुठं. मालाच्या धक्क्यावर, आत जाची मनाई असलेल्या दोराच्या अलीकडं आमी मशीन बंद करून उभे होतो. आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरातून भरून आलेल्या जहाजातून जाळीत पोते उतरून राह्यले होते. तुरीच्या डाळीचे. पोत्यावर निळ्या अक्षरात लिहिलं होतं, हिंगनघाट."

 दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, अल्लीपूरहून येणारी, बाप शेतकरी.

"मॅडम, आमची असन काय तूर? आमी हिंगनघाटलेच देतो."

"तुमची असन बी, नसन बी. पोतं होतं, एवढं खरं. तुह्या बापाले सांगजो."

घंटा झाली. मॅडमनी खडू टेबलावर ठेवला, नारळ उचलला, हात झाडले आणि व्हरांड्यानं गेटकडे निघून गेल्या. फळ्यावरची खाडी दुसऱ्या दिवशी पुसली गेली. दैनंदिनीत त्या दिवशीच्या सहाव्या तासापुढे राऊत सरांची सही आहे.